पुढचा कोण, मागचा कोण?

दिवाळीत फराळाची ताटे समोर आली की आमच्या घरी कोडी निघतात. पूर्वी ती आजी घालीत असे. आता मी घालतो. आणि मी पेशाने मास्तर असल्यामुळे घरातली पोरे ती मुकाट्याने ऐकून घेतात. वाचकांवर माझा असा काही अधिकार नाही. तरीसुद्धा हातातली चकली संपेपर्यंत एक कोडे ऐकून घ्यावे, एवढी विनंती आहे.

अकोल्याच्या कापूस बाजारात पाच गाड्या एका रांगेत उभ्या आहेत. किसनाची गाडी गणपतच्या गाडीच्या लगेच पुढे आहे. रामाची गाडी गणपतच्या मागे, पण सखारामच्या पुढे आहे. बापूरावची गाडी पहिलीही नाही, शेवटचीही नाही, आणि सखारामच्या गाडीला लागूनही नाही. तर पाचही गाड्यांचा क्रम सांगा.

तोंडी सोडवायला बसाल तर बापूरावापाशी बहुतेकांचे गाडे अडते. म्हणून मी वर्गात मुलांना सांगतो की, आधी कागदावर पाच चौकोन काढा. मग सूचना ज्या क्रमाने दिल्या आहेत त्या क्रमाने त्यांच्यामागे धावू नका. जी सूचना सर्वांत घट्ट आहे ती आधी पकडा. किसना आणि गणपत ही जोडी एका जुवाला जुंपलेली समजा. त्यांच्यामध्ये कोणी शिरू शकत नाही. रामा त्यांच्या मागे आणि सखाराम रामाच्या मागे. हे चौघे बसले. राहता राहिला बापूराव. तो सर्वांच्या पुढे नाही, सर्वांच्या मागे नाही, जोडीच्या मध्ये नाही. रामा आणि सखाराम यांच्यामध्ये घुसवला तर सखारामला लागतो. मग एकच जागा उरते. किसना, गणपत, बापूराव, रामा, सखाराम. झाले.

मी कादंबऱ्याही लिहितो, त्यामुळे बापूराव सखारामच्या शेजारी उभा राहायला का तयार नाही, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. बहुधा बांधावरून काही तरी झाले असावे. परंतु परीक्षेत असा विचार करीत बसणारा मुलगा हमखास मागे पडतो.

या जातीच्या प्रश्नांना मार्गदर्शक पुस्तकांत ‘क्रम लावणे’ असे म्हणतात. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत भाषा आणि गणित यांच्या जोडीला बुद्धिमत्ता चाचणी असते, तिच्यात ते असतात. ही परीक्षा वर्षानुवर्षे चौथी आणि सातवीला होत असे. २०१७ साली ती पाचवी-आठवीला नेली. पण कोडे तेथे थांबत नाही. दहाव्या वर्षी जो मुलगा गाड्यांची रांग लावतो, तोच बाविसाव्या वर्षी बँकेच्या परीक्षेत आठ माणसांना गोल मेजाभोवती बसवीत असतो. आणि व्यवस्थापनाच्या पदवीसाठी प्रवेश परीक्षेला बसला तर तेथेही त्याला हेच करावे लागते. माणसे बदलतात, रांग तीच.

मला पुष्कळ दिवस वाटत असे की ही कोडी आजीच्या कोड्यांइतकी जुनी असतील. कोडी म्हणून असतीलही. पण मुलाची बुद्धी मोजण्याचे माप म्हणून त्यांचे वय सव्वाशे वर्षांच्या आतच आहे. हा इतिहास मी शिकवता शिकवता, इकडून तिकडून वाचून गोळा केला. मी काही मानसशास्त्रज्ञ नव्हे. पण या मापाने मी स्वतः मुले मोजली आहेत, आणि एकदा चुकीची मोजली आहेत. ते पुढे सांगणारच आहे. आधी पॅरिसला जाऊ.

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. शाळेत इतरांबरोबर चालू न शकणारी मुले कोणती, त्यांना वेगळे शिकवावे कसे, हा तिच्यापुढचा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने हे त्या समितीत होते. १९०५ मध्ये त्यांनी आणि तेओदोर सिमाँ यांनी तीस प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. त्या तिसांत एक प्रश्न असा : दिसायला सारख्या पाच डब्या मुलापुढे ठेवायच्या. आकार एक, रूप एक. वजने मात्र ३, ६, ९, १२ आणि १५ ग्रॅम. मुलाने त्या हातात तोलून जड-हलक्याच्या क्रमाने मांडायच्या. त्यानंतर त्यातली एक डबी गुपचूप काढून घ्यायची आणि फट कोठे पडली ते पुन्हा तोलून ओळखायला सांगायचे.

आमच्या किसना-गणपतच्या कोड्याची ही पणजी म्हणावी लागेल, आणि तिच्यात शब्दांचे काम किती थोडे होते ते पाहा! मुलाने फक्त हाताने विचार करायचा. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ही पट्टी हुशार मुले निवडण्यासाठी नव्हती. मागे पडलेल्यांना शोधून हात देण्यासाठी ती केलेली होती. बिने १९११ साली वारले. नंतर त्यांच्या पट्टीचे काय काय झाले ते त्यांनी पाहिले नाही.

शब्द आले ते इंग्लंडमधून. सिरिल बर्ट यांनी पहिल्या महायुद्धानंतर लगेच शाळकरी मुलांच्या तर्कशक्तीसाठी काही प्रश्न तयार केले. त्यांतला एक प्रश्न फार प्रसिद्ध झाला. तीन मुली, पहिली दुसरीपेक्षा उजळ, पण तिसरीपेक्षा काळी, तर सर्वांत काळी कोण? (आपल्याकडे वधूवर मंडळात हा प्रश्न कोणी घातला तर उत्तराऐवजी भांडण मिळेल. पण ते असो.)

हे प्रश्न पॅरिसच्या मुलांसाठी घासूनपुसून तयार करण्याचे काम सिमाँ यांनी एका तरुणाकडे सोपवले. वय तेवीस-चोवीस, नाव झाँ पियाजे, राहणार स्वित्झर्लंड. काम तसे कारकुनी होते. कितव्या वर्षी किती मुले बरोबर उत्तर देतात ते मोजायचे आणि तक्ता भरायचा. पियाजे यांचे लक्ष मात्र चुकीच्या उत्तरांकडे गेले. ते मुलांना समोर बसवून विचारू लागले, “तुला हे कसे सुचले, सांग पाहू.” आणि त्यांना दिसले की मुले मनाला येईल ते ठोकून देत नव्हती. मुलाचा विचार असा चाले : पहिली आणि दुसरी या दोघी उजळ, पहिली आणि तिसरी या दोघी काळ्या, म्हणजे दुसरी नुसतीच उजळ, तिसरी नुसतीच काळी आणि पहिली मधली. या हिशेबाने रांग बरोबर उलटी लागते. ‘पेक्षा’ हा शब्द मुलाच्या कानावर पडे, पण मनात उतरत नसे. अकरा-बारा वर्षांच्या आधी पुष्कळ मुलांचे असेच होते, असे पियाजे यांचे म्हणणे पडले. तक्ता भरायला बसलेला हा तरुण पुढे मुलांच्या विचारांचा जगातला सर्वांत मोठा अभ्यासक झाला, त्याची सुरुवात अशी चुकलेल्या उत्तरांतून झाली.

आमच्या तपासनिसांना मात्र चुकलेल्या उत्तराशी काही कर्तव्य नसते. आणि त्यांना तरी दोष कसा द्यावा? १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिने सतरा लाखांच्या आसपास सैनिकांची बुद्धी अशा प्रश्नांनी मोजली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रांची वेगळी परीक्षा काढली. एवढ्या माणसांना समोर बसवून “तुला हे कसे सुचले?” असे कोण विचारणार? जून १९२६ मध्ये तेथे महाविद्यालयीन प्रवेशाची ‘सॅट’ ही परीक्षा प्रथम झाली. पहिल्या वेळी आठ हजारांवर मुले बसली. तिच्यातही संख्यांची माला पुढे चालवायची, हा एक भाग होता. मागे पडलेल्यांना शोधण्यासाठी केलेली पट्टी वीस वर्षांत दरवाज्यावरची फळी झाली.

मराठी मुलांपुढे बिनेची पट्टी ज्यांनी नीट मांडली त्यांचे नाव डॉ. व्ही. व्ही. कामत. धारवाड भागात त्यांनी ती कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांत बसवली. १९४० मध्ये त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. बालरोग्यांच्या आणि मनोविकारांच्या दवाखान्यांतून ‘बिने-कामत’ हे नाव त्यानंतर कित्येक दशके ऐकू येत राहिले. हे काम केवढे किचकट असेल याची कल्पना मला माझ्या चुकीनंतर आली. परदेशी प्रश्नाचे शब्द बदलले म्हणजे तो आपल्या पोराचा प्रश्न झाला, असे होत नाही.

आता एक मोठी उडी मारून वऱ्हाडात येतो, कारण या इतिहासातले एक मानाचे पान अमरावतीचे आहे. खेड्यातल्या हुशार पोरांसाठी सरकारी खर्चाने निवासी शाळा काढायच्या, हा विचार १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आला. पण प्रयोग त्याआधीच, १९८५-८६ साली, सुरू झाला होता. साऱ्या देशात पहिली नवोदय विद्यालये निघाली ती दोन : एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरे आमच्या अमरावतीला. पुढे अकोल्यालाही झाले, आणि देशभर मिळून साडेसहाशेच्या वर झाली. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतात. किमान पाऊणशे टक्के जागा त्या जिल्ह्यातल्या ग्रामीण मुलांच्या, आणि एक तृतीयांश मुलींच्या.

ही ८० मुले निवडायची कशी? प्रश्न साधा नव्हता. अमरावतीच्या एखाद्या वकिलाच्या मुलीला आणि धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू पोराला एकाच बाकावर बसवायचे. कोरकू भाषेचा मराठीशी गोत्रसंबंधसुद्धा नाही. ती मुंडा कुळातली. मग शब्दांचे माप लावले तर मेळघाटचे पोर पहिल्याच ओळीला बाद. म्हणून परीक्षा बांधणाऱ्यांनी शब्द शक्य तितके दूर ठेवले. अलीकडच्या स्वरूपात दोन तासांत ८० प्रश्न असतात. त्यांतले ४० मानसिक क्षमतेचे, आणि त्या चाळिसांत नुसत्या आकृत्या. गटात न बसणारी आकृती शोधा. आरशातले रूप ओळखा. घडी घालून भोके पाडलेला कागद उलगडला तर कसा दिसेल ते सांगा. आणि त्यातच आमची रांग : पहिल्या चौकोनात बाण वर, दुसऱ्यात उजवीकडे, तिसऱ्यात खाली, तर चौथ्यात कोठे? पाच डब्यांचा प्रश्न ऐंशी वर्षांनी, शब्दांचा फेरा करून, पुन्हा मुका होऊन आला.

आता या आकृत्यांचेही वर्ग निघाले आहेत, जाडजूड पुस्तके निघाली आहेत, आणि ज्याने दोनशे बाण फिरवले आहेत तो दोनशे एकावा डोळे मिटून फिरवतो. तेव्हा खेड्यातले पोर आणि शहरातले पोर त्या कागदापुढे अगदी सारखे, असे मी म्हणणार नाही. तरी पण ज्याने कोणी शब्द बाजूला ठेवण्याचे ठरवले, त्याला मेळघाट कळला होता असे मला वाटते.

कागदावर चौकोन काढायचा, हेदेखील किती मोठे भांडवल आहे हे अमेरिकेत फार उशिरा ध्यानात आले. तेथे वकिलीच्या शिक्षणाला प्रवेश हवा तर ‘एलसॅट’ नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात चाळीस वर्षांहून अधिक काळ रांगा लावण्याच्या कोड्यांचा एक स्वतंत्र भाग होता. सर्वजण ती आकृती काढूनच सोडवीत. मग अंध उमेदवारांनी तक्रार केली की, आम्ही आकृती काढायची कशी? २०१९ साली त्यात तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो भागच परीक्षेतून गेला. डोळस माणसे ज्याला शुद्ध बुद्धी समजत होती त्यात पेन्सिलीचा वाटा एवढा होता.

आता माझी गोष्ट. मूर्तिजापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी पाचवीला शिकवीत होतो. नवोदयचा अर्ज मुलाला आयुष्यात एकदाच, पाचवीत असताना भरता येतो. अर्ज संगणकावर भरायचा. फोटो, सह्या, दाखले सगळे जोडायचे. गावातल्या आईबापांना ते जमणारे नव्हते. वर्गातल्या सगळ्यांचे अर्ज माझ्याच्यानेही होण्यासारखे नव्हते. म्हणून मी ठरवले की एक चाचणी घ्यायची आणि पहिल्या दहा मुलांचे अर्ज आपण स्वतः मूर्तिजापूरला जाऊन भरून द्यायचे.

चाचणीत खरे म्हणजे आकृत्या हव्या होत्या. पण मला आकृत्या काढता येत नाहीत. माझा चौकोन पतंगासारखा होतो. म्हणून मी शिष्यवृत्तीच्या धर्तीवर शब्दांची कोडी घातली. ज्या परीक्षेतून लोकांनी विचारपूर्वक शब्द काढून टाकले होते तिच्या दारात मी ते परत आणून बसवले, आणि त्या वेळी मला हे सुचलेसुद्धा नाही.

त्यात आमचे गाड्यांचे कोडे होते. आठवड्यापूर्वीच ते फळ्यावर सोडवून दिले होते, म्हणून मी त्यात थोडा बदल केला. गाड्या काढल्या, परीक्षेचे पेपर घातले. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस, पाच विषय. गणित इतिहासाच्या लगेच पुढे आहे. भूगोल इतिहासाच्या मागे, पण मराठीच्या पुढे आहे. विज्ञान पहिलेही नाही, शेवटचेही नाही आणि मराठीला लागूनही नाही. तर सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी कोणता पेपर? चार प्रश्न, चार गुण. उत्तरे गाड्यांच्या रांगेप्रमाणे : गणित, इतिहास, विज्ञान, भूगोल, मराठी.

बहुतेकांनी तसेच लिहिले. एका मुलीने मात्र सोमवारी मराठी, मंगळवारी भूगोल, गुरुवारी इतिहास, शुक्रवारी गणित असे लिहिले होते. मी चारही उत्तरांवर फुल्या मारल्या. ती दहांत आली नाही. अकरावी आली.

पेपर वाटले तेव्हा अर्जाची शेवटची तारीख उलटून गेली होती. ती उत्तरपत्रिका घेऊन टेबलापाशी आली. कापूस वेचणीचे दिवस होते. आईबरोबर वेचणीला गेल्यामुळे गाड्यांचे कोडे मी शिकवले त्या दिवशी ती वर्गात नव्हती. म्हणाली, “सर, हे चुकलं कसं जी?”

मी म्हणालो, “गणित इतिहासाच्या पुढे आहे, तू मागे घातलेस.”

“म्या पुढंच घातलं ना जी. तुमीच त म्हणता, ‘पुढच्या सोमवारी वही आणा.’ तो सोमवार येवाचा रायते का होऊन गेलेला रायते?”

वर्ग हसला. मी तिला “जा, जागेवर बस” म्हणालो. मास्तरांना उत्तर सुचले नाही की ते असेच म्हणतात.

संध्याकाळी कंदिलाएवढ्या दिव्याखाली (वीज आमच्याकडे असते, पण भार नियमनाच्या वेळी ती गावाच्या पुढे असते की मागे हे सांगता येत नाही) मी ते कोडे तिच्या रीतीने सोडवायला घेतले. रांगेत जो पुढे असतो त्याचा नंबर आधी लागतो. पण दिवसांचे तसे नाही. पुढचा महिना म्हणजे यायचा महिना. मागे एकदा म्हणजे होऊन गेलेले. गाड्या काढून दिवस घातल्याबरोबर ‘पुढे’ हा शब्द माझ्या हातातच उलटा फिरला होता, आणि मी जुनी उत्तरे तशीच ठेवली होती. एकेक सूचना तिच्या अर्थाने लावून पाहिली. एकही मोडली नव्हती. तिची रांग माझ्या रांगेचे आरशातले रूप होती. ज्यांना मी चार गुण दिले त्यांनी गाड्यांचा क्रम आठवून लिहिला होता. या मुलीने कोडे सोडवले होते. मधला बुधवार तेवढा दोन्ही रीतींनी विज्ञानाचाच येतो, आणि नेमका बुधवार मी विचारला नव्हता.

आगगाडीचेही तसेच आहे. मुंबईकडून येणाऱ्या गाडीत बसलात तर शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा अशी मोठी स्टेशने लागतात, आणि अकोल्याच्या पुढे मूर्तिजापूर असते. बडनेऱ्याहून उलट निघालात तर अकोल्याच्या पुढे शेगाव. आमच्या गावच्या पोरांना कधी अमरावतीला, कधी अकोल्याला जावे लागते, त्यामुळे ‘पुढे’ म्हणजे कुणीकडे हे ती आधी विचारतात. कोड्याच्या कागदावर विचारायला कोणी नसते. २०१४ साली दिल्लीत लोकसेवा आयोगाच्या परीक्षेवरून तरुण रस्त्यावर आले, तेव्हा पोलादाच्या कारखान्याचे हिंदी भाषांतरात ‘पोलादाचे रोपटे’ झाल्याचे दाखले वृत्तपत्रांतून गाजले होते. ते वाचून आमच्या शिक्षकांच्या खोलीत सर्व जण हसले. मीही त्या वेळी हसलो होतो, कारण ही मुलगी तेव्हा माझ्या वर्गात यायची होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. आई वेचणीला गेली होती, बाप ओट्यावर बसला होता. मी चूक माझी असल्याचे सांगितले. त्याने ते नीट ऐकून घेतले, चहा दिला आणि विचारले, “मंग आता फारम भरता येते का जी?” मी नाही म्हणालो. “पुढच्या वर्षी?” तेही नाही म्हणालो.

तेव्हापासून दिवसांचे कोडे घालताना मी ‘पुढे-मागे’ लिहीत नाही, ‘आधी-नंतर’ लिहितो. अर्ज मात्र सगळ्यांचे भरतो, मग रात्रीचे अकरा वाजोत. मुलगी दहावी, बारावी गावाजवळच करून अकोल्याला शिकायला गेली. तिची ती उत्तरपत्रिका अजून माझ्या पेटीत आहे. फुल्या खोडून चार गुण मी नंतर लाल शाईने वाढवले आणि बेरीज पुन्हा केली. त्या बेरजेने ती यादीत तिसरी येते.